पाच मिनिटांचं काम

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात १ मे २०२४ रोजी, अड्याळ येथील संस्थेच्या सभागृहात केलेले भाषण. बोललो तसेच लिहून दिले आहे. काही ठिकाणी वाक्ये नीट केली आहेत.)

 

सचिव साहेब पंधरा दिवसांआधी घरी आले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही संस्थेच्या पहिल्या दिवसापासून आहात. चार शब्द बोला, जुन्या आठवणी सांगा." मी म्हटलं, साहेब, मी टिनाचं काम करणारा माणूस. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डोळे गेले, भाषण करायला कोण शिकवलं? ते म्हणाले, "तुम्हाला जे येतं त्यावर बोला." आता मला येतं ते एकच. छप्पर. म्हणून आज छपरावर बोलतो. खरं म्हणजे छपरावर चढणाऱ्या माणसावर बोलतो.

आधी परवाची गोष्ट सांगतो. या कार्यक्रमाच्या रोषणाईसाठी दोन पोरं या सभागृहावर चढली होती. मी दूध घेऊन येत होतो. बघतो तर एक जण पायात चप्पल घालून, खांद्यावर माळांचं भेंडोळं घेऊन पत्र्यावरून सरळ चालला आहे. शिडी खाली कोणी धरलेली नाही. मी रस्त्यावरून ओरडलो, "आहे तिथंच थांब! हलू नोको!" तो हसला. म्हणाला, "आजोबा, पाच मिनिटांचं काम आहे."

आता सगळ्यांनी जरा वर बघा. या सभागृहावर सिमेंटचे पत्रे आहेत, २००३ साली टाकलेले. आणि मधे दोन ठिकाणी उजेड येतो आहे, तो बघा. तिथं फायबरचे पत्रे आहेत. उजेड यावा म्हणून टाकलेले. ते मीच टाकले. एकवीस उन्हाळे त्यांनी खाल्ले आहेत. आज ते पापडासारखे झाले आहेत. खालून तुम्हाला तो उजेड दिसतो, पण वरून धूळ, शेवाळ आणि पाला बसून तो बाजूच्या पत्र्यासारखाच दिसतो. तो पोरगा त्या पत्र्यापासून चार पावलांवर होता. तुम्ही ज्या खुर्च्यांवर बसले आहात, त्याच्यावर चार पावलं.

त्याला मी खाली उतरवलं. खिळ्यांच्या रेघेवरून, बसत बसत. रोषणाई आपण भिंतीवर लावली. थोडी कमी दिसते, त्याबद्दल मंडळाने मला माफ करावं.

मी इतका का ओरडलो, त्याचं कारण सांगण्यासाठी आज उभा आहे. तेरा वर्षं ही गोष्ट मी चार लोकांत बोललो नाही.

माझे वडील कवेलू फेरायचे. नव्या पोरांना कवेलू फेरणं म्हणजे काय ते माहीत नसेल. आपल्या भागात सगळी घरं मातीच्या भिंतीची आणि कवेलूची. उन्हाळ्यात वानरं यायची, उड्या मारायची, कवेलू फुटायचे, सरकायचे. म्हणून मृग लागायच्या आत दरवर्षी छप्पर उकलायचं, फुटके कवेलू काढायचे, कुजलेले फाटे बदलायचे आणि पुन्हा रचायचं. वडील या कामात तरबेज होते. आजूबाजूच्या खेड्यांतून बोलावणं यायचं. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला पहिल्यांदा वर घेतलं. त्यांनी एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, "पोरा, कवेलू आपला नाही, फाटा आपला. पाय फाट्यावर ठेव. उभा राहू नोको, उकिडवा बस. आणि घाई असंल तर खालीच राह्य."

वडीलही पडले. दोनदा. एकदा शेणाच्या उकिरड्यावर आणि एकदा तणसाच्या ढिगावर. दोन्ही वेळा धूळ झटकून पुन्हा चढले. गावात हसू झालं. तेव्हा वळचण सात फुटांवर असायची आणि खाली माती असायची, म्हणून ते हसण्यावारी गेलं. आज काय झालं आहे ते बघा. वानरांच्या त्रासाने कवेलू गेले, टिन आले. भिंती उंच झाल्या. छप्पर बारा-चौदा फुटांवर गेलं. स्लॅबवर टिनाचा शेड टाकला तर वीस-बावीस फुटांवर गेलं. आणि खाली माती राहिली नाही, सिमेंटचा रस्ता आला, टाइल्स आल्या. पडण्याची उंची वाढली आणि जमीन कडक झाली. पण आपली बोलण्याची पद्धत तीच राहिली. "काही होत नाही रे, आमचे बाप चढत होते."

आपल्याच कॉलनीतले विज्ञानाचे निवृत्त सर, ते समोर बसले आहेत, त्यांना मी एकदा विचारलं की माणूस किती वेगाने पडतो. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. दहा फुटांवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदाच्या थोडं वर वेळात जमिनीवर येतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर असतो. वीस फुटांवरून पडला तर ताशी एकोणचाळीस. म्हणजे चालत्या मोटरसायकलवरून हेल्मेट न घालता भिंतीवर आदळावं तसं. "पडता पडता काहीतरी धरीन" असं ज्याला वाटतं, त्याने घड्याळात एक सेकंद मोजून बघावा.

आता माझी गोष्ट.

जून २०११. मृग लागला होता, पण पाऊस दडून बसला होता. एका भाताच्या गिरणीच्या गोदामाचं छप्पर गळत होतं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. काम मी घेतलं होतं. माझ्यासोबत दोन माणसं, त्यातला एक माझा सख्खा भाचा. माझ्या बहिणीचा एकुलता एक. बावीस वर्षांचा. बारावी करून माझ्याकडे वेल्डिंग शिकायला आला होता. हात इतका साफ की मी बहिणीला म्हणायचो, "माझ्यानंतर दुकान हाच चालवंल."

आभाळ भरून आलं. मालकाचा माणूस म्हणाला, पाऊस यायच्या आधी तेवढा एक कोपरा करून द्या, खाली धानाचे पोते आहेत. गाडीत दोर होता. नवा नायलॉनचा दोर, पवनीच्या बाजारातून आणलेला. भाच्याने विचारलं, "मामा, दोर काढू का?" हे त्याचे शब्द आहेत. त्याने विचारलं होतं. मी आभाळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "कायले लागते दोर? पाच मिनिटांचं काम आहे."

तो वर गेला. कोपरा झाला. येताना त्याने सोपी वाट धरली, गोदामाच्या मधून. तिथं फायबरचा पत्रा होता. धुळीने भरलेला. मला आवाज आला तो अगदी लहान होता. आपण वाळलेल्या पळसाच्या पानावर पाय ठेवतो ना, तसा. नंतर खालून धप्प.

अठरा फूट. पोत्यांच्या थप्पीच्या कोपऱ्यावर पाठ आदळली आणि मग तो फरशीवर गेला. शुद्धीवर होता. मला म्हणाला, "मामा, माझे पाय कुठे आहेत?" पाय जागेवरच होते. त्याला ते कळत नव्हते.

त्यानंतर आम्ही जे केलं ते आणखी चुकीचं होतं. चौघांनी हातपाय धरून त्याला उचललं, मालवाहू गाडीत टाकलं, मान लोंबकळत होती. आधी भंडारा, तिथून नागपूर. तेव्हा आपल्या राज्यात १०८ ची गाडी नव्हती, ती २०१४ मध्ये सुरू झाली. नागपूरला डॉक्टरांनी विचारलं, "याला उचललं कसं?" मी सांगितलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, मान खाली घालून लिहीत राहिले. कमरेच्या वरचा मणका मोडला होता. पायांची ताकद परत आली नाही.

मालकाने साठ हजार रुपये दिले आणि स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की आता काही तक्रार नाही. भाच्याने खाटेवर पडून सही केली. साक्षीदार म्हणून सही कोणी केली? मी केली. मला वाटलं, मिळतात ते घ्यावे.

तीन वर्षं मी त्या मालकाला शिव्या दिल्या. २०१४ मध्ये भंडाऱ्याला एका वकिलांकडे गेलो. म्हटलं, साहेब, त्याच्यावर केस टाकायची आहे. वकिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा आहे. इंग्रजांच्या काळापासून आहे. कामावर माणूस कायमचा निकामी झाला तर त्याच्या महिन्याच्या पगाराच्या साठ टक्के रक्कम धरायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. बावीस वर्षांसाठी तो आकडा २२१.३७ आहे. रोजी किती होती?" मी म्हटलं, दोनशे रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस. त्यांनी गुणाकार केला. सहा लाख नव्वद हजार. आणि आम्ही साठ हजारांवर सही केली होती. वकील म्हणाले, असा हक्क सोडून देण्याचा कागद या कायद्यापुढे टिकत नाही. अर्ज दोन वर्षांत करायचा असतो, पण उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात.

मला जरा उभारी आली. म्हटलं, मग टाका केस त्या मालकावर. तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "गिरणीचा धंदा धान भरडण्याचा. छप्पर दुरुस्तीचा ठेका तुम्ही घेतला होता. मुलाला कामावर कोणी ठेवलं? रोजी कोण देत होतं? वर जा म्हणून कोणी सांगितलं? कायद्याच्या भाषेत मालक तुम्हीच आहात. केस आधी तुमच्यावर होईल."

मंडळी, त्या दिवशी मी भंडाऱ्याहून अड्याळपर्यंत एसटीत उभा आलो. बसायला जागा होती.

रात्री बहिणीच्या घरी गेलो. तिला सगळं सांगितलं. दोर गाडीत होता, हेही तेव्हाच सांगितलं. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग एवढंच म्हणाली, "दादा, त्याने विचारलं होतं का?" मी म्हटलं, हो. नंतर त्या विषयावर ती आजपर्यंत बोललेली नाही.

केस झाली नाही. पण मी हिशोब मांडला. सहा लाख नव्वद हजार माझ्याकडे निघतात, आणि मालकाचे साठ हजार मी त्यातून वजा केले नाहीत. दर भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात पन्नास हजार ठेवतो. काही वर्षी धान विकून, एकदा मोटरसायकल विकून. दहा भाऊबिजा झाल्या. एक लाख नव्वद हजार बाकी आहेत. भाच्याने त्या पैशांतून मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तुमच्यातले अर्धे लोक त्याचे गिऱ्हाईक आहेत. आज तो इथे आलेला आहे, तिकडे दाराशी आपल्या तीन चाकांच्या गाडीवर. हे बोलू का म्हणून मी त्याला आधी विचारलं. तो म्हणाला, "बोला मामा. पण रडू नका, पोट्टे हसतील."

हे सगळं आजच का सांगतो? कारण येत्या सर्वसाधारण सभेत या सभागृहाचं छप्पर बदलण्याचा विषय आहे. दरपत्रकं मागवणार आहोत आणि आपली पद्धत ठाऊक आहे, जो कमीत कमी बोलतो त्याला काम. तो कमी कसा बोलतो, हे मी सांगतो, कारण मी पस्तीस वर्षं तसाच बोललो. टिनाचा भाव सगळ्यांना सारखा, लोखंडाचा सारखा. मग पैसे वाचतात ते दोरात, फळीत, शिडीत आणि माणसात. जो परांची बांधत नाही, तो स्वस्त पडतो.

यावर कोणी म्हणेल, सरकारचे नियम आहेत, ते बघतील. आज २०२४ मध्ये लागू असलेला बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा आहे, चांगला आहे. पण तो दहा किंवा जास्त कामगार जिथे असतात तिथे लागतो, आणि स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम त्यातून वगळलेलं आहे. आपल्या कॉलनीत टिन बदलायला कधी दहा माणसं येतात का? तिघं येतात. म्हणजे इथे कोणी साहेब तपासायला येणार नाही. तपासणारे आपणच.

आणि हे फक्त आपल्या खेड्याचं दुखणं आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. त्यात म्हातारी माणसं आली, लेकरं आली आणि कामावरचीही आली. यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या गरीब आणि मधल्या देशांत. अमेरिकेसारख्या देशातही बांधकामावर माणसं सगळ्यांत जास्त मरतात ती पडूनच. तिथे सहा फुटांवर काम असलं की पडण्यापासून बचावाची सोय करावीच लागते. आपण सहा फूट म्हणजे उंचीच धरत नाही.

तिथलाच एक जुना किस्सा. सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट नावाचा मोठा पूल आहे. १९३७ मध्ये पुरा झाला. बांधणाऱ्या मुख्य इंजिनिअरने पुलाखाली मोठं जाळं बांधून घेतलं, त्या काळी लाखाच्या वर डॉलर खर्चून. त्या जाळ्यात पडून एकोणीस माणसं वाचली. त्या एकोणीस जणांनी आपली मंडळी काढली आणि तिला गमतीने नाव दिलं, 'नरकाच्या अर्ध्या वाटेवरचे'. पूल पुरा व्हायला थोडे महिने उरले असताना मोठी परांची तुटून जाळ्यावर पडली, जाळं फाटलं आणि दहा जण एकाच दिवशी गेले. यातून मी दोन गोष्टी घेतो. जाळं माणूस वाचवतं. आणि जाळं आहे म्हणून परांचीकडे दुर्लक्ष केलं तर तेही वाचवू शकत नाही.

आता कामाच्या गोष्टी. लिहून घ्या म्हणत नाही, स्मरणिकेत छापून येतीलच.

पहिली. जे काम खालून होतं ते वर जाऊन करू नका. गळती कुठे आहे ते आतून उजेडाच्या भोकावरून दिसतं. बांबूला झाडू बांधून पाला काढता येतो. वानराने टाकलेली वस्तू काढायला लेकरांना तर कधीच वर पाठवू नका.

दुसरी. सिमेंटचा आणि फायबरचा पत्रा हा चालण्यासाठी नाहीच. मोठ्या मिस्त्रीलाही नाही. खिळ्यांच्या रेघेखाली अँगल असतो, म्हणून त्या रेघेवरून चालतात. माझ्या वडिलांचा फाटा तोच. पण तोल गेला की पाय रेघेवर राहत नाही. म्हणून दीड फूट रुंदीची जाड फळी टाकायची, निदान तीन अँगलांवर टेकेल अशी, आणि तिच्यावरूनच सरकायचं. फायबरचा पत्रा जिथे असेल तिथे त्यावर फळ्या झाकायच्या आणि चारी बाजूंनी लाल रंगाचा पट्टा मारायचा. आपल्या सभागृहाच्या त्या दोन पत्र्यांखाली मी स्वखर्चाने लोखंडी जाळी बसवून देणार आहे. नवं छप्पर होईल तेव्हा होईल, जाळी या आठवड्यात लागेल.

तिसरी, शिडी. भिंतीपासून शिडीचा पाय किती लांब? चार फूट उंचीला एक फूट. बारा फूट चढायचं तर पाय तीन फूट लांब. वरचं टोक छपराच्या वर तीन फूट निघालेलं पाहिजे, म्हणजे उतरताना धरायला मिळतं. वर बांधायची आणि बांधेपर्यंत खाली एकाने धरायची. धरणाऱ्याने मोबाइल खिशात ठेवायचा.

चौथी, दोर आणि बेल्ट. ही गोष्ट बऱ्याच मिस्त्र्यांनाही ठाऊक नाही. एक दोर असतो पडल्यावर धरणारा आणि एक असतो पडूच न देणारा. सहा फुटांच्या दोराचा, झटका सोसणारा बेल्ट घातला तर तो पूर्ण ताणून माणसाला धरेपर्यंत खाली सतरा-अठरा फूट मोकळी जागा लागते. आपलं छप्पर बारा फुटांवर. दोर ताणायच्या आधीच माणूस जमिनीवर. म्हणून आपल्यासारख्या बुटक्या छपरावर दोर इतका आखूड बांधायचा की माणूस कडेपर्यंत पोचलाच नाही पाहिजे. दोर बांधायचा तो खांबाला किंवा पक्क्या बीमला. टाकीच्या पाइपाला नाही, डिशच्या नळीला नाही. बेल्ट नुसता कमरेचा नको, खांदे आणि मांड्या धरणारा पाहिजे. आणि कोणी बेल्टला लटकून राहिलाच तर त्याला लगेच उतरवायचं, मांड्यांत रक्त अडकून माणूस लटकल्या लटकल्या जाऊ शकतो.

बेल्ट कुठून आणायचा? अहो, घरात आहे. बांधकाम कामगार मंडळाच्या पेटीसाठी आपण किती रांगा लावल्या! त्या पेटीत हेल्मेट होतं, बूट होते आणि बेल्टही होता. पेटीत आज गोधड्या आहेत, डब्यात पोरं शाळेत पोळी नेतात, टॉर्च शेतावर आहे, आणि तो बेल्ट एका घरी मी म्हशीच्या गळ्यात पाहिला. म्हैस सुरक्षित आहे, घरधनी टिनावर चढतो. हसू नका, घरी जाऊन पेटी उघडा.

पाचवी, वीज. टिन हातात उभा धरला की तो दहा-बारा फुटांचा असतो. आपल्या तिसऱ्या गल्लीत वरून तारा गेल्या आहेत. काम सुरू करायच्या आधी महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या. वाऱ्यात टिन उचलू नका, टिनाचं पाल होतं आणि माणसाला घेऊन जातं. नवतप्यात सकाळी दहाच्या आत काम आटोपा. तापल्या टिनावर घेरी आली तर सगळे नियम तिथेच राहतात.

सहावी, जुने सिमेंटचे पत्रे फोडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. पाणी मारून, पूर्ण पत्रा, नटबोल्ट सोडून उतरवायचा. झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

सातवी, कोणी पडलाच तर. त्याला बसवू नका, पाणी पाजू नका, हातपाय धरून उचलू नका. श्वास चालू आहे ना ते बघा, मान आणि पाठ आहे तशी राहू द्या, १०८ ला फोन करा. त्याच्याशी बोलत राहा. मी हे केलं असतं तर काय झालं असतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

आठवी, कागद. जो मजूर वर्षात नव्वद दिवस बांधकामावर असतो आणि अठरा ते साठ वर्षांचा आहे, त्याने मंडळाकडे नोंदणी करावी आणि दरवर्षी चालू ठेवावी. कामावर मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख मिळतात. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. वीस रुपयांत आज एक खर्रा येत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे त्याच्या घरासाठी गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, त्यात उंचावरून पडणंही धरलेलं आहे. आणि साठ हजारांच्या स्टॅम्प पेपरवर कोणी सही मागितली, तर आधी वकिलाला दाखवा.

आता शेवटची विनंती. सभागृहाच्या छपराचा ठराव लिहाल तेव्हा त्यात चार ओळी घाला. ठेकेदाराने फळ्या, बांधलेली शिडी, बेल्ट आणि दोर आणावे, त्याचे पैसे दरपत्रकात वेगळे दाखवावे. मजुरांचा विमा असल्याशिवाय काम सुरू होणार नाही. काम चालू असताना संस्थेचा एक माणूस खाली हजर राहील. आणि दोर न लावता कोणी वर दिसला तर काम त्याच क्षणी थांबेल. यामुळे काम थोडं महाग पडेल. किती? मी हिशोब काढला आहे, आजच्या मंडपाच्या आणि डेकोरेशनच्या खर्चापेक्षा कमी.

खाली हजर राहणारा माणूस म्हणून माझं नाव लिहा. काम मी घेणार नाही, पैसेही घेणार नाही. खुर्ची टाकून बसेन. माझं वय झालं आहे, मला आता दुसरं काम नाही.

पंचवीस वर्षांत आपण या लेआउटमध्ये घरं उभी केली, झाडं लावली, लेकरांची लग्नं लावली. प्रत्येक घराच्या डोक्यावर कोणाच्या तरी हाताने टाकलेलं छप्पर आहे. तो माणूस संध्याकाळी आपल्या पायाने घरी गेला की नाही, हे आपण विचारलं पाहिजे. पुढच्या पंचवीस वर्षांत कोणीही, मालक असो, मिस्त्री असो की मामा असो, "पाच मिनिटांचं काम आहे" असं म्हणाला, तर त्याला म्हणा, "मग दोर बांधायला दोन मिनिटं घे. सात मिनिटांत होईल."

मघाशी भाच्याने दारातून हात दाखवला. म्हणजे भाषण लांबलं. थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.